अहिवातक रोग : अट्ठकथांतील एक नोंद आणि साथींचा इतिहास

विनयपिटकातील महावग्गाच्या पहिल्या खन्धकात दोन लहान प्रसंग एकापाठोपाठ आलेले आहेत. पहिल्यात एक कुटुंब अहिवातक रोगाने नष्ट होते. उरतात केवळ बाप आणि मुलगा. ते दोघे संघात प्रव्रज्या घेतात व एकत्रच भिक्षेला जातात. बापाच्या पात्रात कोणी काही वाढले की पोर धावत जाऊन ‘मलाही द्या’ म्हणते. लोक कुजबुजतात, भिक्षुणीपासून झालेले मूल म्हणून नावे ठेवतात, आणि पंधरा वर्षांखालील मुलास प्रव्रज्या देऊ नये असा नियम होतो. दुसऱ्या प्रसंगात स्थविर आनंदांना दान देणारे एक श्रद्धावान कुटुंब त्याच रोगाने मरते आणि दोन मुलगे मागे राहतात. ओळखीच्या भिक्षूंना पाहून ती मुले जवळ येतात, भिक्षू त्यांना हाकलतात, मुले रडतात. नियम तर नुकताच झाला आहे. ही मुले नाश पावू नयेत म्हणून काय करावे, या विवंचनेत आनंद भगवंतांकडे जातात. भगवंत एवढेच विचारतात, की ती मुले कावळे हाकू शकतात काय? हाकू शकतात, असे उत्तर मिळताच नियमाला अपवाद केला जातो.

विनयाचे अभ्यासक हे प्रसंग वयोमर्यादेच्या चर्चेत उद्धृत करतात आणि पुढे जातात. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. परंतु ज्या घटनेमुळे नियम करावा लागला आणि लगेच मोडावाही लागला, ती घटना म्हणजे घरेच्या घरे रिकामी करणारा रोग होय. प्रस्तुत लेखात या रोगाविषयी पालि ग्रंथ काय सांगतात, आणि मनुष्य व प्राणी यांच्यामध्ये रोग कसे फिरतात याविषयी गेल्या सव्वाशे वर्षांत जे ज्ञान झाले आहे त्याच्या उजेडात त्या सांगण्याचा अर्थ काय लावता येतो, एवढेच पाहावयाचे आहे.

‘अहि’ म्हणजे साप आणि ‘वात’ म्हणजे वारा. शब्दाची फोड सरळ आहे. सापाच्या फुत्काराप्रमाणे अंगावरून जाणारा विषारी वारा, अशी काही कल्पना या नावामागे असावी. मूळ विनयात रोगाचे वर्णन नाही. ते विनयाच्या ‘समन्तपासादिका’ या अट्ठकथेत येते. ती या रोगास ‘मारी’ म्हणजे साथ म्हणते आणि पुढे सांगते, की ज्या कुळात हा रोग उत्पन्न होतो त्या कुळातील द्विपाद व चतुष्पाद असे सर्वच नष्ट होतात. जो भिंत किंवा छप्पर फोडून पळतो, अथवा जो परगावी गेलेला असतो, तो सुटतो. माणूस आणि जनावर यांना एकाच रोगाच्या एकाच वाक्यात बसविणारी ही नोंद इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमाराची आहे.

धम्मपदाची अट्ठकथा याहून तपशिलात जाते. राजगृहाच्या कुंभघोसकाच्या कथेत, आणि सामावतीच्या कथेत भद्दवती नगरीच्या संदर्भात, हा रोग कोणत्या क्रमाने मारतो हे तिने सांगितले आहे. प्रथम माश्या मरतात. मग किडे, उंदीर, कोंबड्या, डुकरे, गाई-बैल. त्यानंतर दासी आणि दास. आणि सर्वांत शेवटी घरातील माणसे. कुंभघोसकाचे आईबाप राजगृहाचे श्रेष्ठी आहेत. गोठा आणि दासांची वस्ती ओस पडल्यावर रोग त्यांच्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा ते मुलाला सांगतात, की आमच्याकडे पाहत बसू नकोस, भिंत फोडून जीव घेऊन पळ, आणि पुढे कधी येऊन पुरलेले धन काढ. मुलगा डोंगरातील रानात जातो आणि बारा वर्षांनी परततो. दाढीजटा वाढलेल्या त्या माणसास कोणी ओळखत नाही, तेव्हा तो मजुरांना पहाटे उठविण्याची चाकरी धरतो.

वर्गात हा उतारा वाचताना विद्यार्थी नेहमी विचारतात, ‘सर, हा प्लेगच ना?’ उंदीर मरतात, मग माणसे मरतात, म्हणजे प्लेग. हा तर्क साहजिक आहे. काही अभ्यासकांनीही तसे सुचविले आहे. आमचे मत वेगळे आहे. प्लेगने माश्या मरत नाहीत. गाई-बैल, डुकरे, कुत्री आणि कोंबड्या प्लेगला सहसा बळी पडत नाहीत. क्रमातील एक उंदीर जुळला म्हणून बाकीचे पाच जीव नजरेआड करणे याला संशोधन म्हणता येत नाही. दुष्काळानंतर एकाच वेळी अनेक रोग पसरतात. गुरांचे वेगळे, माणसांचे वेगळे, काही दोघांचे सामाईक. आणि लोकस्मृती त्या सर्वांना एक नाव देते. अहिवातक हे असेच एक नाव असावे. आपले ग्रंथ जंतुशास्त्राच्या आधीच सर्व जाणून होते, असा दावा अलीकडे सर्वच परंपरांचे लोक करू लागले आहेत. जी चूक आपण इतरांच्या वेदपुराणांविषयी दाखवितो, ती त्रिपिटकाविषयी स्वतः करू नये.

मग या क्रमाचे महत्त्व काय? त्यासाठी राजगृह क्षणभर सोडून १८९६ सालच्या मुंबईत जावे लागेल, कारण प्राण्यापासून माणसाकडे रोग जाण्याची पायरी न् पायरी याच भूमीवर तपासली गेली आहे.

त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. वखारींत उंदीर मरून पडू लागल्याचे लोकांनी त्याआधीच पाहिले होते. ‘उंदीर पडू लागले’ हे तीन शब्द पुढील पंचवीस-तीस वर्षे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत गाव सोडण्याचा इशारा ठरले. लोक शेतात झोपड्या घालून राहत. रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधलेला होता. तो उंदरांतही सापडतो हे ठाऊक होते. उंदराकडून माणसाकडे तो जातो कसा, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते. सरकारचा विश्वास घाण, दमट जमीन आणि दूषित हवा यांवर होता. म्हणून गटारांत कार्बोलिक ॲसिड आणि समुद्राचे पाणी सोडले गेले, घरे राहण्यास अयोग्य ठरवून त्यांवर खुणा केल्या गेल्या, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली गेली. गटारांतील उंदरांनी जागा बदलली आणि ते शेजारच्या घरांत गेले.

१८९८ च्या जून महिन्यात कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने एक साधा प्रयोग केला. प्लेगने आजारी असलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर एका भांड्यात ठेवला, आणि जाळीआड एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांस स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसवा मात्र जाळीतून जाऊ शकत होत्या. पहिला मेला आणि काही दिवसांत दुसराही प्लेगने मेला. उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते, पिसवा ते सोडतात आणि जवळ जे उबदार अंग सापडेल त्यावर जातात. हे सरळ स्पष्टीकरण तत्कालीन तज्ज्ञांना पटले नाही. कित्येक वर्षे सिमाँ यांची उपेक्षाच झाली.

१९०५ पासून मुंबईत प्लेग संशोधन आयोगाचे काम सुरू झाले तेव्हा हा प्रश्न पुन्हा हाती घेतला गेला. आयोगाने प्लेगग्रस्त घरांत गिनी पिग जातीचे प्राणी पिंजऱ्यांत घालून ठेवले. काही पिंजरे जमिनीपासून दोन इंचांवर होते, काही दोन फूट उंचीवर टांगलेले. खालच्यांना प्लेग झाला, वरच्यांना झाला नाही. उंदरावरील पिसवेची उडी चार इंचांच्या आसपास असते, एवढेच त्याचे कारण. हवा एकच, घर एकच, घाण एकच. फरक होता तो फक्त जमिनीपासूनच्या अंतराचा. पुढे १९१४ साली बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखविले, की प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्ननलिकेत वाढून तिचा मार्ग बंद करतात. उपाशी राहिलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि रक्त आत न जाता जंतूंसह जखमेत परत येते. जांघेत आणि काखेत गाठ येते ती यानंतर. रोग फुप्फुसात गेला म्हणजे मात्र पिसवेची गरज उरत नाही. रोग्याच्या खोकल्यातील तुषारांतून तो थेट माणसाकडून माणसाकडे जातो.

आता अट्ठकथेतील क्रमाकडे पुन्हा पाहावे. जनावरे, मग दास-दासी, मग गृहस्वामी. धार्मिक वृत्तीचा टीकाकार यात पुण्याची उतरंड पाहील. ज्याचे पुण्य अधिक तो शेवटी मरतो असे म्हणेल. आम्हांस यात घराचा नकाशा दिसतो. श्रेष्ठींचे निवासस्थान अट्ठकथांत बहुधा अनेक मजल्यांचा प्रासाद असते. ते पलंगावर निजतात. धान्याचे कोठार आणि गोठा खाली असतो, आणि दास निजतो तो तेथेच, जमिनीवर. जनावराच्या अंगावरून उठलेला कीटक, जनावराच्या शेणामुताने बिघडलेले पाणी, मेलेल्या जनावराचे कातडे यांपैकी जे काही रोग वाहून आणीत असेल, त्याला प्रथम दास भेटतो. दासाला प्रथम मरण येते ते तो प्राण्यांच्या जवळ ठेवला गेला म्हणून. अट्ठकथाकारास जंतू ठाऊक नव्हता, पिसू ठाऊक नव्हती. पण आधी कोण मरतो हे त्याने पाहिले होते, किंवा ज्यांनी पाहिले त्यांच्याकडून ऐकले होते, आणि ते त्याने लपविले नाही. (येथे भिक्षूंच्या मंचाचे पाय आठ अंगुळांहून उंच नसावेत या नियमाची कोणास आठवण होईल. तो नियम ऐषआराम टाळण्यासाठी आहे. त्यात पिसवेचे शास्त्र शोधण्यात अर्थ नाही.)

हीच गोष्ट वैशालीच्या आख्यानात अधिक कठोरपणे येते. रतनसुत्ताच्या अट्ठकथेप्रमाणे वैशालीत प्रथम अवर्षण झाले, मग दुष्काळ. दुष्काळात दुर्गत म्हणजे गरीब माणसे आधी मेली. त्यांची प्रेते नगराबाहेर फेकली गेली, त्या दुर्गंधीने अमनुष्य नगरात शिरले, आणखी माणसे मेली, आणि त्या घाणीतून अहिवातक रोग उद्भवला. अमनुष्यांचा भाग त्या काळच्या समजुतीचा म्हणून बाजूस ठेवला, तर उरलेली साखळी कोणत्याही दुष्काळाच्या इतिहासात सापडेल. १८९६ सालीही पाऊस फसला होता आणि दख्खनेत दुष्काळ होता. प्लेग आला तो त्याच्या पाठोपाठ. भगवंतांनी वज्जींच्या भूमीवर पाऊल ठेवताच मोठा पाऊस पडून सर्व प्रेते गंगेत वाहून गेली आणि भूमी शुद्ध झाली, असे आख्यान पुढे म्हणते. गंगेच्या खालच्या अंगास राहणाऱ्यांचे काय झाले, याची चौकशी अट्ठकथाकाराने केलेली नाही.

दास कोठारात निजे. आमच्या महाराष्ट्रात अस्पृश्यास गावाबाहेर ठेवून मेलेली जनावरे मात्र त्यानेच ओढावीत असा दंडक होता. काळपुळी, ज्याला अँथ्रॅक्स म्हणतात, त्या रोगाने जनावर एकाएकी मरते. त्याचे शरीर फाडले आणि हवा लागली की जंतूंची बीजे तयार होतात व मातीत ती अनेक दशके टिकून राहतात. कातडे सोलणाऱ्याच्या हातावरील लहानशा ओरखड्यातून ती शरीरात शिरतात आणि तेथे काळी पुळी उठते. मांस खाणाऱ्याच्या पोटात ती जातात. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली या जंतूचे जीवनचक्र दाखविले, तेव्हा एखाद्या विशिष्ट जंतूमुळे विशिष्ट रोग होतो हे प्रथमच निर्णायकपणे सिद्ध झाले. ज्ञान झाल्यावरही पन्नास वर्षे येथे मढी ओढणारा तोच राहिला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचा आदेश दिला, तो स्वाभिमानाच्या भूमिकेवरून. त्यास रोगाच्या भीतीचा आधार त्यांनी घेतला नाही आणि घेण्याची आवश्यकताही नव्हती. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने हे नोंदविले पाहिजे, की रोगाच्या वाटेवर कोणास उभे करावयाचे हे जातीने ठरविले होते. वाटेवर उभा असलेला रोगी झाला की त्यालाच अमंगळ म्हणावयाचे, हा क्रमही नेहमीचाच.

प्राण्यांचे मरण आधी दिसणे ही गोष्ट केवळ उंदरांपुरती नाही. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि मागोमाग जंगलालगतची माणसे तापाने आजारी झाली. गोचिडीमुळे पसरणाऱ्या या विषाणूला आज त्या जंगलाचेच नाव आहे. गेल्या दशकात हाच माकडताप गोव्यातील सत्तरीत आणि सिंधुदुर्गात आला, तेव्हा काजूच्या बागांत पालापाचोळ्यात वाकून बिया वेचणाऱ्यांना तो प्रथम झाला. गोवराचा विषाणू गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूपासून वेगळा झाला असे मानतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या फारकतीचा अंदाजे काळ इसवी सनापूर्वीचे सहावे शतक असा दिला. अंदाजात शतकांची चूकभूल गृहीत आहे. तरीही हेच शतक मगधातील नगरांच्या उदयाचे असावे, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावते. बुळकांडी २०११ साली जगातून संपली. गोवर अद्याप आहे.

भिंत फोडून पळणे हा अट्ठकथांनी सांगितलेला एकमेव उपाय. ज्या घरात रोगाचे वाहक भरले आहेत ते सोडणे शहाणपणाचे होते यात शंका नाही. शेतात झोपड्या घालणाऱ्या आमच्या आजोबा-पणजोबांनी तेच केले. पण कुंभघोसक एकटाच रानात गेला. नगरेच्या नगरे पळतात तेव्हा गोष्ट निराळी होते. १८९७ च्या प्रारंभी मुंबईची जवळजवळ निम्मी लोकसंख्या शहर सोडून गेली, आणि गाठोड्यांतून, धान्याच्या पोत्यांतून पिसवा पुणे, कराचीपर्यंत पोहोचल्या. त्या साथीने पुढील दोन-तीन दशकांत भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग दिसला. त्यामागचे कारण असे सांगितले गेले, की आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर लोकांनी घरे सोडली, धान्य आत राहिले आणि उंदीर वाढले. म्हणजे रिकामे घरही रोगाचे घर होऊ शकते. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि लाखो माणसे आगगाड्यांनी बाहेर पडली. २०२० साली टाळेबंदीत महामार्गांवरून चालत निघालेले मजूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. भिंत फोडावयाची कोणी आणि जावयाचे कोठे, हा प्रश्न प्रत्येक साथीत नव्याने उभा राहतो.

याउलट, पळण्याऐवजी रोग्याकडे जाणारे थोडे असतात. पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्षूला भगवंतांनी आनंदांसह स्वतः आंघोळ घातली, ही महावग्गातील कथा वाचकांस परिचित आहेच. १८९७ साली पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. मूल वाचले, सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तोपर्यंत सिमाँ यांचा प्रयोग व्हावयाचा होता. रोग कशाने चढतो हे सावित्रीबाईंना नेमके ठाऊक असणे शक्य नव्हते; तो चढतो एवढे मात्र त्या काळी पुण्यातील लहान मुलासही ठाऊक होते.

भद्दवतीच्या कथेकडे वळून आम्ही थांबतो. तेथील श्रेष्ठी रोग आल्यावर पत्नी व मुलगी यांना घेऊन पळाला आणि वाटेत शिधा संपून, उपाशी अवस्थेत कोसंबीच्या धर्मशाळेत पोहोचला. कोसंबीच्या घोसक श्रेष्ठींच्या दानशाळेत मुलगी अन्न मागावयास गेली. पहिल्या दिवशी तिने तीन वाटे मागितले. त्या रात्री बाप मेला. दुसऱ्या दिवशी दोन मागितले. त्या दिवशी आई मेली. तिसऱ्या दिवशी तिने एकच वाटा मागितला, तेव्हा वाढणाऱ्याने तिला टोमणा मारला, की आज तुला आपल्या पोटाचा अंदाज आला वाटते! अट्ठकथाकार बापाच्या मृत्यूचे कारण उपाशी पोटी झालेले अजीर्ण असे देतो. आम्हांस मात्र शंका येते, की रोग त्यांच्याबरोबरच कोसंबीपर्यंत आला असावा. पण लांबचा प्रवास झालेला असल्यामुळे ही शंका शंकाच ठेवणे बरे.

ती मुलगी सामा. तिची हकीकत कळल्यावर तिला तेथेच मुलीप्रमाणे ठेवून घेण्यात आले. दानशाळेत रोज मोठी गर्दी आणि आरडाओरड होत असे. सामेने सांगून दानशाळेभोवती कुंपण घालविले आणि त्यास दोन दारे ठेवविली. लोक एका दाराने आत येत, अन्न घेत आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडत. गोंगाट थांबला. कुंपणाला पालित ‘वति’ म्हणतात, म्हणून तेव्हापासून तिला लोक सामावती म्हणू लागले.